एकशे अठरा नंबरचा डबा

"लाजू नका सर. सगळ्यांचं सारखंच असतंय," शबाना मुल्ला म्हणाली आणि तिनं प्लास्टिकचा एक छोटा डबा माझ्यापुढे धरला.

मी तो घेतला नाही. माझ्या हातात बांधणी सुटलेलं एक पुस्तक होतं. ते मी दोन्ही हातांनी असं काही धरलं, की जणू ते सोडलं तर पानं उडून जातील. शाळेच्या व्हरांड्यात पन्नाशीच्या पुढच्या माणसांची रांग लागली होती आणि मी माझ्या बायकोच्या पाठीमागे उभा होतो. त्रिशला अंगानं बारीक आहे. तिच्यामागे माझ्यासारखा माणूस लपू शकत नाही, तरी मी तो प्रयत्न करत होतो.

शेवटी दोन्ही डबे तिनंच घेतले.

"काकू, तुमचा एकशे सतरा. सरांचा एकशे अठरा," शबाना वहीत लिहीत म्हणाली. "डब्यावर नाव घालायचं न्हाई. कॉलेजवाल्यांनी तसंच सांगितलंय. नाव नुसतं माझ्या वहीत. उद्या सकाळी आठला येते मी न्यायला. तेवढी अदलाबदल करू नका म्हणजे झालं."

"अदलाबदल कशी होईल?" त्रिशला म्हणाली. माझ्या हातातल्या पुस्तकातून बांधणीचा लाल दोरा लोंबत होता. तो तिनं दातानं तोडला, आपल्या डब्याला झाकणाखाली दोन वेढे दिले आणि गाठ मारली. "हा दोऱ्याचा माझा. बिनदोऱ्याचा ह्यांचा."

"बघा, काकू किती हुशार. आणि सर, तुम्ही मागं काय लपलाय? हितं कुणी परीक्षा घेत न्हाई!"

रांग हसली. मीही हसलो, म्हणजे हसल्यासारखं केलं.

याला आता तेरा वर्षं झाली. मी तेव्हा चौसष्ट वर्षांचा होतो, त्रिशला साठीची. शिरोळ तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात मी बत्तीस वर्षं ग्रंथपाल होतो. निवृत्त झाल्यावरही फाटकी पुस्तकं घरी आणून शिवत बसे. शबाना आमच्या भागातली आशाताई, म्हणजे सरकारच्या आरोग्य खात्यासाठी घरोघर फिरणारी. एका मेडिकल कॉलेजनं आमच्या तालुक्यात अभ्यास काढला होता. निरोगी दिसणाऱ्या माणसांच्या पोटात कोणते जंतू राहतात, त्यातले विष तयार करणारे किती, आणि आतड्याच्या रोगांशी त्यांचं काही नातं आहे का, हे त्यांना पाहायचं होतं. त्यासाठी शौचाचा नमुना हवा होता. त्याच नमुन्यात डोळ्यांना न दिसणारं रक्त आहे का, तेही तपासणार होते. फुकट होतं, म्हणून गाव आलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझा बिनदोऱ्याचा डबा वर्तमानपत्रात गुंडाळून मोरीच्या कट्ट्यावर ठेवला. बत्तीस वर्षं पुस्तकांच्या पाठीवरचे आकडे वाचणाऱ्या माणसानं त्या डब्यावरचा आकडा मात्र शरमेनं वाचला नाही. आठ वाजता शबाना आली. डबे त्रिशलानं दिले. मी आतल्या खोलीत कपाटाआड उभा राहून, त्या दोघींचं बोलणं संपायची वाट पाहत होतो.

दीड महिन्यानं दोन पत्रं आली. त्रिशलाच्या पत्रात तीनच ओळी होत्या. नमुना क्रमांक ११७, रक्त आढळलं नाही, विशिष्ट जंतू आढळले नाहीत, सहकार्याबद्दल आभार.

माझं पत्र पानभर होतं. नमुना क्रमांक ११८ मध्ये अदृश्य रक्त आढळलं आहे. तसंच पेशींना इजा करणारं विष तयार करू शकणारे जंतू आढळले आहेत. याचा अर्थ कर्करोग आहे असा मुळीच नाही. तरीही मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करून घेणं आवश्यक आहे. तारीख चौदा. सोबत कोणीतरी असावं.

'मुळीच' हा शब्द मी पुन्हा पुन्हा वाचला. आयुष्यभर छापील शब्दांत वावरलेल्या माणसाला एक कळतं. जिथे खात्री असते तिथे 'मुळीच' लिहावं लागत नाही.

"वाचा," त्रिशला म्हणाली. ती दारात उभी होती.

मी माझं वाचून दाखवलं. 'मुळीच' जरा मोठ्यानं वाचलं.

तिनं आपलं पत्र माझ्यापुढे सरकवलं. मग म्हणाली, "आता माझं वाचा."

मी वाचलं.

"पुन्हा वाचा."

"त्रिशला, तीनच ओळी आहेत."

"वाचा की. रक्त नाही असंच लिहिलंय ना? माझ्याच नावाचं पत्र आहे ना?"

मी पुन्हा वाचलं. तिनं ते पत्र घडी घालून देव्हाऱ्यात, पार्श्वनाथांच्या मूर्तीमागे ठेवलं. माझं पत्र टेबलावरच राहिलं. मला तिचा थोडा राग आला हे मी इथे कबूल करतो. नवऱ्याच्या पत्रात विष निघालंय आणि ही आपलं कोरं पत्र देवापुढे ठेवते आहे.

चौदा तारखेला दहा दिवस होते. ते दहा दिवस मी सगळ्यांवर संशय घेण्यात घालवले.

पहिला संशय शबानावर. तिनं सगळे डबे एकाच पिशवीतून नेले होते. कुणाचं कुणाला लागलं नसेल कशावरून? दुसरा कॉलेजवर. नवीन दुर्बीण घेतली असेल, तिला माणसं हवी असतील. तिसरा संशय स्वतःच्या शरीरावर. वाचनालयात जाऊन मी आरोग्यावरची होती नव्हती ती पुस्तकं आणली. ज्या पानावर जे दुखणं असे ते मला त्या दिवशी होई. डाव्या कुशीत टोचण, उजव्या कुशीत जडपणा, जिभेवर थर. बाळंतपणाचं प्रकरण तेवढं सोडून दिलं.

आणि चौथा संशय त्रिशलावर आला, कारण ती बदलली होती.

ती माझ्याआधी उठायला लागली. मोरीत बादलीमागून बादली पाणी ओतल्याचा आवाज येई. भाकरी सोडून ती मऊ भातावर आली होती. विचारलं तर म्हणे, "दात दुखतोय." आणि माझ्याकडे बघताना तिच्या नजरेत काहीतरी वेगळंच असे. आजारी माणसाकडे बघतात तशी ती नजर नव्हती. काहीतरी शोधत असल्यासारखी होती.

एकदा जेवता जेवता तिनं विचारलं, "तुम्हाला रक्त दिसतं का हो?"

माझा घास हातातच राहिला. "कुठे?"

"कुठे म्हणजे? सकाळी."

"नाही."

"नीट बघता ना?"

"बघतो. नाही दिसत."

मला वाटलं तिला बरं वाटेल. पण तिचा चेहरा उतरला. अक्षरशः उतरला. ती ताट घेऊन उठली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न. तिसऱ्या दिवशीही. मी नाही म्हटलं की ती गप्प होई. माझ्या मनानं घेतलं, की हिचा माझ्यावर विश्वास नाही. किंवा हिला कॉलेजनं वेगळं काही कळवलंय. शबाना दोनदा येऊन गेली होती, दोघी दारात हळू आवाजात बोलत होत्या. मी विचारलं तर "पोलिओच्या डोसाचं" म्हणाली. आमच्या घरात पोलिओच्या वयाचं कोण होतं?

सातव्या दिवशी मी जे केलं, ते आयुष्यात कधी केलं नव्हतं. बायकोच्या मागे गेलो. दुपारी ती पिशवी घेऊन निघाली, मी वीस पावलं मागे. ती बाहुबली मगदूमच्या औषधांच्या दुकानात शिरली आणि एक पुडकं घेऊन बाहेर पडली. ती गेल्यावर मी दुकानात गेलो. बाहुबली माझा जुना वाचक. रहस्यकथा नेई आणि महिनाभर परत करत नसे.

"काय सर, बरं वाटतंय का?" त्यानं आपणहून विचारलं.

"का?"

"काकू आत्ताच मलम घेऊन गेल्या की. मूळव्याधीचं. ह्यांना त्रास होतोय म्हणाल्या. ही तिसरी ट्यूब. एकदा डॉक्टरला दाखवा सर, लाजू नका."

मी मान हलवून बाहेर आलो. तिसरी ट्यूब? माझ्यासाठी? मला तर एकही मिळाली नव्हती. घरी येताना माझ्या डोक्यात एकच उत्तर तयार झालं. ही मला न सांगता माझ्यावर उपचार करते आहे. जेवणातून काहीतरी देते आहे. संध्याकाळी ताक प्यायलो तर ते मला कडवट लागलं.

"ताकात काय घातलंयस?"

"मीठ."

"आणखी?"

"आणखी काय घालणार?" ती माझ्याकडे बघत राहिली. "विष?"

मी उरलेलं ताक प्यायलो. पण अर्धा पेला संपवायला मला बराच वेळ लागला.

तेरा तारखेला आतडं साफ करायचं औषध घ्यायचं होतं. आम्हा जैनांत सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा घेत नाहीत. कॉलेजच्या कागदावर 'रात्री आठ ते दहा' असं लिहिलं होतं. त्रिशलानं शबानाकडून फोन लावून घेतला आणि डॉक्टरांशी भांडून ती वेळ दुपारी तीन ते सहावर आणली. मग माझ्यापुढे बसून, एक एक पेला मोजून पाजला. पाणी तिनं नेहमीसारखं दुहेरी फडक्यातून गाळलेलं होतं. गाळून झाल्यावर ते फडकं विहिरीच्या पाण्यात उलटं धुवायचं, म्हणजे त्यात अडकलेले जीव पुन्हा आपल्या जागी जातात. ही आमची जुनी रीत. तिच्या आजीपासून तिच्याकडे आलेली आणि त्या दिवशीही चुकलेली नाही. त्या संध्याकाळी माझी जी अवस्था झाली तिचं वर्णन करणार नाही.

चौदा तारखेला सकाळच्या एसटीनं आम्ही गेलो. डॉ. मीनल कुरणे चाळिशीच्या होत्या, चटपटीत, केस कापलेल्या. त्यांनी आम्हा दोघांना बसवून समजावून सांगितलं. मी मान खाली घालून ऐकत होतो. प्रश्न त्रिशलानं विचारला.

"हे जंतू आत आले कुठून?"

"बहुतेक सगळ्यांच्या पोटात लहानपणापासून असतात, आजी. कोट्यवधी. त्यांतले बरेच आपल्या उपयोगाचे असतात. थोड्यांच्या अंगी ही विष करायची कला असते. पाचांतल्या एकाच्या पोटात हे सापडतात. बहुतेकांना काही होत नाही."

"मग काहींना का होतं?"

"तेच तर आम्हाला नक्की माहीत नाही, म्हणून अभ्यास." त्या माझ्याकडे वळल्या. "तुम्ही ग्रंथपाल होता ना? पुस्तकाला कसर लागते तसं समजा. हे विष पेशीच्या आत जातं आणि तिच्याजवळ जो मजकूर असतो, कसं वाढायचं, कधी थांबायचं, तो कुठेतरी कुरतडतं. पेशी तो बहुतेक वेळा दुरुस्त करते. पण एखाद्या वेळी 'थांब' हाच शब्द गेला आणि त्या पानाच्या प्रती निघत राहिल्या, तर वीस-तीस वर्षांनी त्याचा रोग होऊ शकतो. नेहमी नाही. होऊ शकतो."

"मग त्यांना मारायचं औषध द्याल?" त्रिशलानं विचारलं.

"सगळे मारून चालत नाहीत. आणि नेमके तेवढेच मारता येत नाहीत."

"आम्ही पाणी गाळतो," त्रिशला म्हणाली. "फडक्यातले जीवसुद्धा परत विहिरीत सोडतो. इतकं जपतो आम्ही. आणि ते आतच बसून विष करतात, म्हणता?"

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मला वाटलं, ही माझ्यासाठी चिडली आहे. मला जरा भरून आलं.

तपासणी गुंगीत झाली. जागा झालो तेव्हा डॉ. कुरणे माझ्या खाटेशी उभ्या होत्या आणि त्यांच्या कपाळावर आठी होती. मी डोळे मिटून घेतले.

"आजोबा, तुमचं आतडं आरशासारखं स्वच्छ आहे."

मी डोळे उघडले.

"साधी गाठ नाही, मूळव्याध नाही, जखम नाही. रक्त यायला जागाच नाही. तासाभरानं माझ्या खोलीत या. मला एक विचारायचंय."

कुठल्याही माणसाला आनंद झाला असता. मलाही झाला, पण त्या 'विचारायचंय'मुळे तो तासभरसुद्धा टिकला नाही. त्यांच्या खोलीत टेबलावर एक लांबट नोंदवही उघडी होती.

"रागावू नका," त्या म्हणाल्या. "पण तो नमुना तुमचाच होता ना? काही लोक लाजेनं दुसऱ्याचा देतात. मागे एका गावात एका घरातून पाच डबे आले, पाचांत एकच माल."

"माझाच होता," मी म्हणालो. "मी स्वतः... माझाच."

"मग हे बघा." त्यांनी वही माझ्याकडे फिरवली. "एकशे अठरा. तुमचं नाव. शेरा तेवढा वेगळा आहे, तुमच्या आशाताईंनी लिहिलेला. हा कसला दोरा?"

बत्तीस वर्षं मी अशाच वह्या भरल्या होत्या. अनुक्रमांक, नाव, तारीख, शेरा. माझी नजर आपोआप शेवटच्या रकान्यात गेली. शबानाच्या वळणदार अक्षरात, एकशे अठराच्या ओळीत लिहिलं होतं : झाकणाखाली लाल दोरा बांधलेला आहे.

एकशे सतराच्या ओळीत शेरा नव्हता.

मी ती ओळ दोनदा वाचली. दारातल्या काचेतून बाहेरचं बाक दिसत होतं. त्रिशला त्यावर ताठ बसली होती, पदराखाली जपमाळ. तिचे ओठ हलत होते आणि नजर दारावर होती. तिसरी ट्यूब. मऊ भात. पहाटेच्या बादल्या. तुम्हाला रक्त दिसतं का हो. दहा दिवस जे जे मी माझ्याबद्दलचं म्हणून वाचत होतो, त्यातलं एकही अक्षर माझ्याबद्दलचं नव्हतं.

"आजोबा?"

"दोऱ्याचा डबा माझ्या पत्नीचा," मी म्हणालो. माझा आवाज एवढा मोठा निघाला की मीच दचकलो. "तिला तपासा. आज. आत्ता तपासा. तिला रक्त जातंय."

त्यांनी त्रिशलाला आत बोलावलं. नंबरांबद्दल विचारलं. तिनं क्षणभरही वेळ घेतला नाही.

"पहिला नंबर ह्यांचा म्हणून दिला मी. आमच्याकडे पहिलं ताट पुरुषाचं, रेशनकार्डावर पहिलं नाव पुरुषाचं. सतरा आधी, अठरा नंतर. म्हणून सतरा ह्यांना दिला, अठरा मला ठेवला."

डॉ. कुरणेंनी कपाळावर हात मारला. "अहो आजी! रांगेत तुम्ही पुढे होता, म्हणून पहिला नंबर तुमचा!" मग त्या खुर्चीत मागे रेलल्या. "अरे देवा. किती गावांत किती बायकांनी हेच केलं असेल?" त्यांनी लगेच वहीत काहीतरी लिहून घेतलं. पुढे त्यांनी सगळ्या डब्यांवर नावाच्या चिठ्ठ्या लावायला सुरुवात केली आणि आधीच्या सगळ्या जोडप्यांचे नमुने पुन्हा घेतले, असं शबाना सांगत होती.

मी काही बोललो नाही.

त्रिशलाची तपासणी दोन दिवसांनी झाली. मोठ्या आतड्याच्या डाव्या बाजूला गाठ होती. कर्करोगाची. मूळव्याधही होतीच, पण ती वेगळी. आठवड्यात शस्त्रक्रिया ठरली. हुबळीहून लेक रजा काढून येणार होती. शस्त्रक्रियेच्या आदल्या दुपारी वॉर्डात आम्ही दोघेच होतो. मी घरून आणलेल्या फडक्यातून तिच्यासाठी पाणी गाळत होतो. मला ते जमत नव्हतं, अर्धं पाणी फरशीवर जात होतं.

"दुहेरी घडी करा," ती म्हणाली. "हां. तशी."

मी घडी केली.

"अहो."

"काय?"

"शाळेत मी दोरा बांधला तेव्हा तुम्ही बघत होता ना?"

"होय."

"कुठल्या डब्याला बांधला होता?"

मी तांब्या खाली ठेवला. "सतराला."

"मग डॉक्टरबाईंपुढे बोलला का नाही?"

मी ओलं फडकं पिळलं. ती छताकडे बघत होती. मग तिनं सांगायला सुरुवात केली. हळू, जसं दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं.

"मला चार महिने रक्त जात होतं. शाळेत शबानानं डबे दिले तेव्हाच कळलं, की माझ्या डब्यात निघणार. माझ्या आईचं पोट असंच उघडलं होतं. बघितलं आणि पुन्हा शिवून घरी पाठवलं. सव्वा महिन्यात गेली. माझ्या नावाचा तसला कागद मला बघायचा नव्हता. त्या दिवशी पहाटे मी दोरा सोडला आणि अठराला बांधला. का, ते विचारू नका. वाटलं, तुमचं नशीब चांगलं आहे. तुमच्या नावावर गेलं तर काही निघायचं नाही."

"आणि निघालं तेव्हा?"

"तेव्हा वाटलं, कदाचित तुम्हालाही जात असेल. म्हणून रोज विचारत होते. तुम्ही हो म्हणाला असता तर..." ती थांबली. "तुम्हाला होऊ दे असं नव्हतं वाटत. एवढंच वाटत होतं, की मी केलं ते फार वाईट नाही असं ठरेल."

"आणि ते कोरं पत्र?"

"पत्र आलं ना. छापील. माझ्या नावाचं. रक्त नाही म्हणून लिहिलेलं. रोज सकाळी रक्त बघायची आणि देवाजवळचं पत्र बघायची. पत्रच खरं वाटायला लागलं." ती माझ्याकडे वळली. "शबानाला दोनदा बोलावलं सांगायला. दोन्ही वेळा दुसरंच बोलले. तुम्ही ते औषध पीत होता तेव्हा तर तोंडापर्यंत आलं होतं. तुम्ही माझ्या मागे मागे औषधाच्या दुकानापर्यंत आला होता, ते पण मला माहीत होतं."

"तुला दिसलो?"

"तुम्हाला लपता येत नाही हो. कधीच आलं नाही."

मला हसू आलं आणि ते मधेच कुठेतरी अडकलं. मी आयुष्यभर तिच्यामागे उभा राहिलो होतो. रांगेत, दारात, पाहुण्यांसमोर. त्या सकाळी एकदा मोरीच्या कट्ट्यापाशी थांबलो असतो, डबा हातात घेऊन नुसता आकडा वाचला असता तरी पुरलं असतं. हे मी तिला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. अजून सांगितलेलं नाही.

"डॉक्टरबाईंना सांगणार का?" तिनं विचारलं.

"काय?"

"दोरा सोडल्याचं."

"त्यांच्या वहीत शेरा लिहून झालाय," मी म्हणालो. "पहिला नंबर नवऱ्याचा. लिहिलेल्या शेऱ्यात खाडाखोड करू नये."

तिनं तांब्याकडे बोट केलं आणि मी गाळलेलं पाणी तिला दिलं.

ते जे निघालं होतं ते वेळेत निघालं होतं. पण हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. त्या दुपारी आम्हाला दोघांनाही ते माहीत नव्हतं.

थोड्या वेळानं एक नर्स आली. तिच्या हातात प्लास्टिकची पट्टी होती, मनगटाला बांधायची.

"नाव काय आजी?"

मी सवयीनं एक पाऊल मागे सरलो होतो. त्रिशला उठून बसली. पदर सारखा केला.

"त्रिशला भूपाल उपाध्ये," तिनं सांगितलं.

नर्सनं पट्टी बांधली आणि ती पुढच्या खाटेकडे गेली. त्रिशलानं हात फिरवून मनगट माझ्यासमोर धरलं. अक्षरं बारीक होती. मी चष्मा लावला.

"वाचा," ती म्हणाली.

मी नाव वाचलं. नंबर वाचला.

"पुन्हा वाचा. माझाच आहे ना?"

मी पुढे झालो, तिचा हात हातात घेतला आणि पुन्हा वाचला.